लेकरू जेवत का नाही?

'लेकरू काही खातच नाही' ही तक्रार धाराशिव जिल्ह्यात ज्या घरी दोन-तीन वर्षांचे मूल आहे अशा बहुतेक घरांत ऐकू येते. ती शिक्षकाच्या घरी ऐकू येते, तहसील कचेरीतल्या कारकुनाच्या घरी ऐकू येते आणि सोयाबीनच्या रानात खुरपणीला जाणाऱ्या बाईच्या घरीही ऐकू येते. तक्रार एकच असली तरी तिचे परिणाम मात्र सारखे नसतात. पगारदाराच्या घरचे मूल चार घास कमी जेवले तर आजी चिंतेत पडते. मजुराच्या घरचे मूल चार घास कमी जेवले तर त्या महिन्यात त्याच्या वजनाचा काटा हलत नाही. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील सुमारे ३५ टक्के मुले वयाच्या मानाने खुजी आणि सुमारे ३६ टक्के मुले वयाच्या मानाने कमी वजनाची आढळली. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या शंभर बालकांपैकी ६९ बालकांना रक्तक्षय होता. सहा महिने ते दोन वर्षे या वयात पुरेसा आणि विविध आहार मिळणारी बालके साऱ्या देशात जेमतेम ११ टक्के भरली. २०१८ साली केंद्र सरकारने ज्या जिल्ह्यांना 'आकांक्षित' असे गोंडस नाव देऊन त्यांचे मागासलेपण मान्य केले, त्यांत महाराष्ट्रातील चार जिल्हे होते आणि त्या वेळचा उस्मानाबाद हा त्यांपैकी एक होता. तेव्हा लेकराचे न जेवणे हा केवळ आईच्या काळजीचा विषय राहत नाही. त्याचा विचार सार्वजनिक प्रश्न म्हणूनच करावयास हवा.

असे असूनही या प्रश्नाचे खापर प्रत्येक घरी दोघांच्याच माथी फुटते. एक तर मूल हट्टी ठरते, नाही तर आई निष्काळजी ठरते. हे दोन्ही निर्णय घाईचे आहेत. मुलाच्या देहाचा हिशेब, घरातील जेवणाची रीत, दारातले दुकान आणि गावचे शिवार या चार गोष्टी तपासल्यावाचून या बाबतीत न्यायनिवाडा होऊ शकत नाही.

देहाचा हिशेब

पहिल्या वर्षात मुलाचे वजन जन्माच्या वेळेच्या साधारण तिप्पट होते. पुढे हा वेग झपाट्याने उतरतो. दुसऱ्या वर्षी ते अडीच किलोच्या आसपास वाढते आणि त्यानंतर वर्षाकाठी सुमारे दोन किलो. वाढ मंदावली की भूकही मंदावते. दहा महिन्यांचे असताना वाटीभर पेज संपवणारे मूल दीड वर्षाचे झाल्यावर अर्ध्या वाटीवर तोंड फिरवते, यात विपरीत काही नाही. त्याचे पोट लहान असते. एका बैठकीत ते थोडेच खाते, आणि म्हणून त्याला दिवसातून पाच-सहा वेळा थोडेथोडे द्यावे लागते. मोठ्यांच्या दोन वेळच्या जेवणाच्या मापाने त्याला मोजले की ते उपाशी दिसू लागते.

याच वयात दुसरीही एक गोष्ट घडते. चालू लागलेले मूल अनोळखी पदार्थाला बिचकते. काल खाल्लेली मेथी आज ते थुंकून टाकते, हिरवे काही दिसले की ओठ मिटून घेते. यात हट्टाचा भाग थोडा आणि स्वभावधर्माचा भाग मोठा आहे. रांगणे सोडून स्वतःच्या पायांनी दूर जाऊ लागलेल्या जिवाने दिसेल ते तोंडात घालू नये, अशी ही निसर्गाची तजवीज असावी, असे या विषयाचे अभ्यासक मानतात. ही भीती दटावून जात नाही. ओळख वाढली की जाते. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ लीअन बर्च यांनी दोन वर्षांच्या मुलांवर केलेला एक प्रयोग १९८२ साली प्रसिद्ध झाला. त्यात अनोळखी पदार्थ मुलांना काही वेळा, दोनपासून वीस वेळांपर्यंत, चाखावयास दिले गेले. जो पदार्थ जितक्या अधिक वेळा चाखला, तितका तो अधिक आवडू लागला. आपल्या घरांतून मात्र दोन किंवा तीन वेळा नकार मिळाला की 'त्याला मेथी आवडतच नाही' असा कायमचा शेरा मारला जातो, आणि मग ती भाजी त्या मुलाच्या ताटात वर्षानुवर्षे येत नाही.

निवड कोणाची?

मूल स्वतःचे अन्न स्वतः निवडू शकते काय, हा प्रश्न शिकागोच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. क्लारा डेव्हिस यांनी शंभर वर्षांपूर्वी हाती घेतला. नुकत्याच दूध सोडू लागलेल्या १५ बालकांपुढे त्यांनी एकूण ३४ साधे पदार्थ आलटून पालटून ठेवले आणि दायांना ताकीद दिली, की मुलाने मागितल्याखेरीज काही भरवू नये आणि खाण्याचा आग्रहही करू नये. मुलांच्या खाण्यात एका दिवसाचा दुसऱ्या दिवसाशी मेळ नव्हता. एखादे मूल एका दिवशी केवळ फळांवर राही, तर एखादे लागोपाठ अंडी मागे. तरीही सगळी मुले धडधाकट वाढली. १९२८ साली या कामाचा पहिला वृत्तांत आला आणि १९३९ साली त्याचा गोषवारा.

या प्रयोगाचा दाखला देऊन 'मुलाला हवे ते खाऊ द्या' असे सांगणारे पुष्कळ आहेत. स्वतः डेव्हिस यांनी मात्र यातली खरी मेख पदार्थांच्या यादीत आहे, असे बजावले होते. त्या यादीत साखर नव्हती, बिस्किटे नव्हती, डबाबंद असे काही नव्हते. धान्य, दूध, अंडी, मांस, भाज्या आणि फळे एवढीच ती यादी होती. तिच्यातून काहीही उचलले तरी ते पौष्टिकच असणार. काय ठेवायचे हे मोठ्यांनी ठरवले होते. किती आणि कोणते खायचे हे मुलांनी ठरवले.

धाराशिव जिल्ह्यातील घरांत आज नेमका याच्या उलट कारभार चालतो. किती खायचे हे मोठी माणसे ठरवतात. 'एवढे संपवच' म्हणून मागे लागतात, नाक दाबून घास कोंबतात, हातात मोबाइल देऊन तोंड उघडायला लावतात. काय खायचे हे मात्र शेवटी मूल ठरवते, कारण जेवण टाकले की पाच रुपयांचे पुडके मिळते हे त्याला चार दिवसांत कळते. अगदी लहान वाडीवस्तीवरील दुकानातही ही रंगीत पुडकी माळेने टांगलेली असतात. त्यांत मीठ, तेल, मैदा आणि साखर यांचा असा मेळ घातलेला असतो, की त्याच्यापुढे भाकरी-वरण बेचव लागावे. सकाळी चहात बुडवलेले बिस्कीट किंवा खारी, दुपारी कुरकुरीत काही, संध्याकाळी पुन्हा चहा. आणि मग रात्री ताटावर बसलेले मूल जेवत नाही याचे आश्चर्य केले जाते. त्याची भूक दिवसभरात सुट्या पैशांनी मारलेली असते. चहाने आणखी एक नुकसान होते. जेवणातील लोह अंगी लागण्यात चहातील द्रव्ये आड येतात. म्हणूनच राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या आहारविषयक सूचनांत जेवणाआधी व नंतर तासभर चहा-कॉफी टाळावी, असा सल्ला मोठ्यांनाही दिला आहे. ज्या राज्यात शंभरातील ६९ बालकांना रक्तक्षय आढळला, तेथे दोन वर्षांच्या मुलाच्या पेल्यात चहा ओतणे ही माया म्हणता येत नाही.

'भाजी संपव, मग बिस्कीट देते' हा सौदाही असाच आतबट्ट्याचा आहे. भाजी ही शिक्षा आणि बिस्कीट हे बक्षीस, एवढेच मूल त्यातून शिकते.

एका चुलीवरचे जेवण

मग मुलाला द्यावे तरी काय? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी परदेशी पाककृतींच्या मागे लागण्याचे कारण नाही. ज्वारी, तूर, हरभरा, हुलगा, करडई, भुईमूग आणि जवस पिकवणाऱ्या या जिल्ह्याच्या स्वयंपाकात लहान मुलाला मानवेल असे पुष्कळ काही पूर्वीपासून आहे. वेगळे शिजवण्याची गरज नाही. घरच्याच पातेल्यातून त्याचा वाटा योग्य वेळी बाजूला काढण्याची गरज आहे. मराठवाड्याचे कालवण तिखट. काळ्या मसाल्याची आमटी मोठ्यांना गोड लागते, पण लेकराची जीभ भाजते आणि एकदा भाजली की ते ताटालाच भिते. आमटीला तिखट-मसाला पडण्यापूर्वी वाटीभर घट्ट वरण बाजूला ठेवले, त्यात मऊ भाकरी कुस्करली, चमचाभर तूप किंवा करडईचे तेल घातले आणि वर लिंबाचे चार थेंब पिळले, तर त्या एका वाटीत धान्य, डाळ आणि स्निग्धता एकत्र येतात. ज्वारीच्या प्रथिनांत जे उणे असते ते तुरीची डाळ भरून काढते, आणि लिंबाच्या आंबटपणाने धान्यातील लोह शरीरात अधिक मुरते.

वरणफळांचे तसेच. धपाट्याच्या पिठातून तिखट घालण्याआधी गोळाभर पीठ वेगळे काढले, त्यात मेथी अगदी बारीक चिरून घातली आणि तळहाताएवढी दोन धपाटी थापली, की ती हातात धरून दह्याशी खाता येतात. शेंगोळे, ताकात शिजवलेल्या ज्वारीच्या कण्या, हुलग्याचे गूळ घातलेले माडगे, शेंगदाण्याच्या कुटाचा लाडू, हे सारे याच पंक्तीतले. ज्वारीला मोड आणून, वाळवून दळलेल्या पिठाचा एक चमचा दाट पेजेत ढवळला की पेज पातळ होते. म्हणजे पाणी न वाढवता लहान मुलाला अधिक अन्न पोटात घेता येते. मात्र एक खबरदारी हवी. अख्खा शेंगदाणा, फुटाणा किंवा हरभऱ्याचा दाणा चार वर्षांखालील मुलाच्या हाती देऊ नये. तो श्वासनलिकेत अडकून जीव जाऊ शकतो. कूट करून किंवा वाटूनच तो द्यावा.

मूल एखादे धान्य नाकारते तेव्हा ते अनेकदा त्याचे रूप नाकारत असते. भाकरीला तोंड न लावणारे मूल माघ-पौषात शेतावर आगटीत भाजलेला कोवळा हुरडा आवडीने मागते. दोन्ही ज्वारीच. एकीत दाणा पक्व, कोरडा, चावायला अवघड. दुसऱ्यात तो दुधाळ, गोड आणि मऊ. (अगदी लहानांना हुरडाही ठेचूनच द्यावा.) शिळी कडक भाकरी नाकारणाऱ्या मुलाला ज्वारी आवडत नाही, असा निष्कर्ष काढणे म्हणूनच चुकीचे आहे.

जिल्ह्याची स्वतःची एक प्रयोगशाळाही दरवर्षी एक दिवस भरते. मार्गशीर्ष अमावास्येला धाराशिव आणि लातूर जिल्ह्यांत वेळा अमावास्या साजरी होते. गावे ओस पडतात आणि शेते भरतात. कडब्याच्या कोपीपुढे पूजा झाली की सगळे मिळून जेवायला बसतात. त्या दिवशीच्या भज्जीत हरभरा, तूर, वाल, पावटा यांचे ओले दाणे आणि हाती लागतील त्या भाज्या एकत्र शिजतात. सोबत बाजरीचे उंडे आणि ज्वारीच्या पिठाची ताकातली आंबील असते. एरवी भाजीतला प्रत्येक हिरवा कण निवडून बाजूला काढणारी मुले त्या दिवशी भज्जीची वाटी पुढे करतात. मूल सकाळपासून रानात हुंदडलेले असते आणि मध्ये कोणी पुडके हाती दिलेले नसते. आजोबांपासून चुलतभावंडांपर्यंत सगळे तेच खात असतात आणि कोणीही त्याच्या घासांकडे टक लावून पाहत नसते. भूक, सोबत आणि मोकळीक या तिन्ही गोष्टी एकाच वेळी जमून येतात. एरवीच्या दिवशी मूल एकटे भिंतीला टेकून बसते, आई हातात ताट घेऊन त्याच्यामागे फिरते आणि वडील नंतर वेगळे जेवतात. वेळा अमावास्येचे पदार्थ रोज करता येणार नाहीत, पण तिची पंगत रोज एका वेळी तरी घडवता येईल.

वाट पाहणे कोणाला परवडते?

या विवेचनावर एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. दहा-पंधरा वेळा पदार्थ पुढे ठेवावा, मुलाने टाकला तरी रागावू नये, ही शिकवण खाऊनपिऊन सुखी घराची आहे. सकाळी आठला रानात जाऊन दिवे लागताना परतणारी बाई कोणत्या वेळी धीर धरणार? ज्या घरात अन्न मोजून शिजते, तेथे टाकलेला घास हा नुकसानीचा घास असतो. उलट पाच रुपयांचे बिस्कीट मूल हमखास खाते. त्या बाईच्या हिशेबात ते स्वस्त आणि खात्रीचे असते. तिला अडाणी म्हणणाऱ्यांनी हा हिशेब आधी समजून घ्यावा.

या आक्षेपाचे अर्धे उत्तर असे, की चाखण्यासाठी वाटी भरावी लागत नाही. घरच्या भाजीतले बोटभर पुरते. ते टाकले तरी फारसे वाया जात नाही. पण उरलेले अर्धे उत्तर आईकडे मागता येणार नाही. मुलाला भरवणे हे बाईचेच काम, ही समजूत सोडून बाप आणि आजोबा पाटावर मुलाशेजारी बसले, तर धीर धरणारे हात दुप्पट होतील. हे शिक्षक-कारकुनांच्या घरांनी आधी करून दाखवावयास हवे, कारण त्यांच्या घरी वेळही आहे आणि त्यांचे अनुकरणही गावात होते. शाळेच्या वाटेवर ज्यांच्या हातात गुरुजी पुडके पाहतात, त्या मुलांची धाकटी भावंडे घरी तेच मागत असतात.

याबरोबरच एक भेद ध्यानी ठेवावयास हवा. वजन महिन्यागणिक वाढत असलेले, खेळणारे मूल कमी जेवत असेल तर धीर धरावा. पण ज्याचे वजन घटते आहे किंवा दोन-तीन महिने थांबले आहे, ज्याला गिळताना त्रास होतो, वारंवार ओकाऱ्या होतात, जे निस्तेज पडून राहते, त्याच्या बाबतीत धीर धरणे म्हणजे हयगय होय. त्याला डॉक्टरांकडेच नेले पाहिजे. हा भेद अंगणवाडीतील वजनकाट्यावर कळतो. शेजारणीच्या गुटगुटीत मुलाशी तुलना करून कळत नाही.

शिवार आणि सरकार

ताटाचा माग काढत गेले की तो शेतात पोचतो. गेल्या काही दशकांत या जिल्ह्याच्या खरिपावर सोयाबीनने कब्जा केला आणि पाणी लाभले तेथे ऊस आला. सोयाबीन विकले जाते, घरी शिजत नाही. तुरीच्या ओळी, बांधावरचा वाल, ज्वारीतली करडई, अंबाडी ही घरच्या खाण्याची पिके मागे हटली आणि त्यांच्या जागी स्वस्त धान्य दुकानातले गहू-तांदूळ आले. धान्याने पोट भरले, पण ताटातील वैविध्य गेले. मुलाने निवड करावी असे जे साधे पदार्थ डेव्हिस यांनी मांडले होते, ते मांडायलाच घरात उरले नाहीत.

याला उत्तर याच जिल्ह्यातील बायकांनी दिले आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर लातूर आणि उस्मानाबादेतील पुनर्वसनात उतरलेल्या, प्रेमा गोपालन यांनी स्थापन केलेल्या स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेने पुढे दुष्काळाच्या वर्षांत 'एक एकर'ची पद्धत रुजवली. घरच्या जमिनीतील एकरभर, कधी अर्धा एकर, बाईने मागून घ्यायचा आणि त्यात तिच्या विचाराने धान्य, कडधान्य व भाजीपाला मिश्र पद्धतीने, रासायनिक खतांवाचून पिकवायचा. आधी घरासाठी, उरेल ते बाजारासाठी. या कामाला २०१७ साली संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा 'इक्वेटर' पुरस्कार मिळाला. पुरस्कारापेक्षा महत्त्वाचे हे, की काय पेरायचे हे ठरवण्यात बाईचा हात शिरला, तेव्हा ताटात भाजी आली. मूल काय खाईल याचा निर्णय पेरणीच्या वेळीही होत असतो.

सरकारचा वाटाही तपासला पाहिजे. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली. तिच्यात तीन ते सहा वर्षांच्या मुलांना अंगणवाडीत गरम आहार मिळतो. पण सहा महिने ते तीन वर्षांच्या, म्हणजे नेमक्या याच नाजूक वयाच्या मुलांना घरी नेण्याचा कोरडा शिधा दिला जातो. त्या पाकिटांतील पिठाची चव मुलांना आवडत नाही आणि ते गुरांच्या पुढ्यात जाते, अशा तक्रारी महाराष्ट्रात वारंवार झाल्या आहेत. ठेकेदारांकडून हा आहार घेऊ नये, गावातील महिला मंडळे आणि बचत गटांना ते काम द्यावे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००४ सालीच सांगितले होते. १९७२ च्या दुष्काळात कामावर वाटलेली सुकडी त्या पिढीला आजही आठवते, कारण ती गोड होती आणि ओळखीची लागत होती. पोषणाचे तक्ते करणाऱ्यांनी ध्यानी ठेवावे, की मुलाने न खाल्लेल्या अन्नात पोषणमूल्य शून्य असते. गावातल्याच ज्वारी, हरभरा, शेंगदाणा आणि गुळाचे पीठ गावातल्याच बायकांनी दळून दिले, तर ते मुलाला परके वाटणार नाही आणि त्या बायकांना चार पैसेही मिळतील.

सर्वांत कठीण प्रसंग ऊसतोड मजुरांच्या लेकरांचा आहे. भूम, परंडा, वाशी, कळंब या बाजूची कुटुंबे दिवाळीच्या आसपास कोयता घेऊन निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. या पाच-सहा महिन्यांत मूल फडाच्या कडेला वाढते. पहाटे थापलेली भाकरी ते दिवसभर खाते, वजन कोणी घेत नाही आणि गावच्या अंगणवाडीतला शिधा गावातच राहतो. दोन वर्षांच्या आयुष्यातले सहा महिने म्हणजे चौथा हिस्सा; त्यात झालेली हानी पुढे शाळेतल्या खिचडीने भरून निघत नाही. जेथे मूल तेथे त्याचा आहार, ही व्यवस्था प्रत्येक साखर कारखान्याच्या तळावर प्रत्यक्षात उतरली पाहिजे. कारखाने, जिल्हा परिषदा आणि महिला व बालविकास खाते यांनी गाळप सुरू होण्यापूर्वी एकत्र बसून हे ठरवणे अशक्य नाही. उसाच्या टनाटनाचा हिशेब ठेवणाऱ्यांना तळावरची लेकरे मोजता येणार नाहीत, असे कोण म्हणेल?

तेव्हा 'लेकरू जेवत नाही' ही तक्रार कानी पडली, की लेकराला रागे भरण्याआधी काही प्रश्न मोठ्यांनी स्वतःस विचारावेत. दिवसभरात त्याच्या हाती काय दिले? वरणात तिखट पडण्याआधी त्याची वाटी काढली होती काय? त्याच्यासोबत कोणी जेवले काय? घरच्या रानात घरासाठी काही पेरले आहे काय? आणि अंगणवाडीतून आलेले पीठ घरातल्या मोठ्या माणसाने एकदा तरी चाखून पाहिले आहे काय? या प्रश्नांची उत्तरे मुलाकडे नाहीत. ती घराने, गावाने आणि शासनाने द्यायची आहेत.